राख निवेपर्यंत

बाभुळबेटाचं टरबुजाचं बी बेट सुटलं म्हणून मेलं, असं आमच्याकडे सगळे सांगतात. ते खरं नाही. ते माझ्या हातून मेलं. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, थोरल्या बहिणीला नाही, आणि ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्या जिवामामांना तर नाहीच. आई आणि आबा हे न कळताच गेले. मी मुळात कमी बोलणारा. कंपनीतले लोक म्हणायचे, नामदेवरावांशी गप्पा मारायच्या तर दोघांचंही आपल्यालाच बोलावं लागतं. लोक त्याला स्वभाव समजतात. त्यातला निम्मा स्वभाव असेल; निम्मी या एका विषयाला वळसा घालायची सवय आहे.

फाल्गुन सरत आला की उस्मानपुऱ्यातल्या आमच्या चौकात हातगाड्यांचा रंग बदलतो. द्राक्षं जातात आणि टरबुजांचे ढीग येतात. ढिगावर ओलं पोतं, पोत्यावर एक कापलेलं फळ रस्त्याकडे लाल तोंड करून ठेवलेलं, आणि उन्हात तापलेल्या डांबराच्या वासात मध्येच येणारी ती गार, पाणेरी गोडी. तेव्हापासून मृग लागेपर्यंत मी घरी येताना पलीकडच्या बाजूनं येतो. मुलांनी लहानपणीच ठरवून टाकलं की बाबांना टरबूज सोसत नाही. शब्द बरोबर होता, म्हणून मी तो खोडला नाही.

यंदा मात्र सापडलो. चौकातले जुने फळवाले अन्वरभाई यांच्या गाड्यावर चिकू घ्यायला थांबलो, तर त्यांनी चिकू तोलायच्या आधी टरबुजाची एक फोड माझ्या हातावर ठेवली.

"खाके देखो नामदेवभाऊ. पैसे नका देऊ, पण खा."

"मला चालत नाही, अन्वरभाई."

"शुगर आहे का?"

"नाही."

"मग टरबुजानं काय तुमचं घर लुटलं व्हय?"

बाजूचं गिऱ्हाईक हसलं. मी फोडीकडे पाहिलं आणि तिथंच उभा राहिलो. साल पातळ, पांढुरकी हिरवी. बी विटकरी, टपोरं, कडेनं काळी रेघ, लहान लेकराच्या डोळ्यात काजळ घालावं तशी. बाजारातल्या काळ्या सालीच्या फळांचं बी असं नसतं. हे बी मी तीसएक वर्षांनी बघत होतो, आणि माझ्या हिशेबानं ते या जगात उरायलाच नको होतं.

"कुठलं हे?"

"धरणाच्या पोटातलं. पाणी हटलं की जमीन उघडी पडते ना, तिथं लावतात. गंगापूरकडची एक मावशी आहे, तिचा पोरगा आणतो. थोडाच माल असतो. बोलती है, हमारे टापू का बीज है."

गंगापूरकडे माझी थोरली बहीण, कौसाआक्का, दिलेली आहे. मी फोड खाल्ली. बिया थुंकल्या नाहीत. तोंडात धरून घरापर्यंत चालत आलो आणि मोरीत उभा राहून एकेक हातावर घेतली. बायकोनं विचारलं, दात पडला का. मी नाही म्हणालो.

पैठणच्या वरच्या अंगाला गोदावरी पूर्वी दोन धारांत फुटायची आणि थोडं पुढं जाऊन पुन्हा एक व्हायची. आम्ही तिला गंगाच म्हणायचो. त्या दोन धारांच्या मध्ये जो उंचवटा होता ते बाभुळबेट. तीस-पस्तीस घरं, सगळी भोयांची. पावसाळ्यात बाहेरच्या जगाशी संबंध म्हणजे एक होडी, आणि होडी नसली तर वाळलेल्या भोपळ्यांची सांगड छातीखाली धरून पोहत जायचं. पूर मोठा असला तर तेही नाही. महिना महिना पलीकडच्या काठावरची माणसं आम्हांला नुसती दिसायची, ऐकू यायची नाहीत. पोलीस ॲक्शन झाली ती बातमी बेटावर पाणी ओसरल्यावर पोचली. आबा म्हणायचे, "साऱ्या मराठवाड्यातून निजाम गेला, पण मपल्या बेटावर तो थोडे दिवस जास्तीचा राहिला. जाताना त्याला होडी गावली नसंल." मी त्यानंतरच्या एका मोठ्या पुरात जन्मलो. आमच्याकडे वय पुरांवर मोजायचे.

दिवाळी उलटली की गंगा मागं सरकायची आणि बेटाच्या चारी बाजूंना रेती उघडी व्हायची. धुऊन निघालेली, कोणाचं पाऊल न लागलेली. गेल्या वर्षीची रेती यंदा जागेवर नसे, त्यामुळे ती कोणाच्या मालकीचीही नसे. सगळे मिळून ती पुन्हा वाटून घ्यायचे आणि तिच्यावर टरबुजाच्या वाड्या लावायचे. हातानं खड्डा उकरत जायचं. वरची रेती कोरडी, मग दमट, मग बोटांना गार पाणी लागायचं. तिथं ओंजळभर शेणखत, त्यावर बी, आणि वाऱ्याच्या बाजूला तुराट्यांचा आडोसा. संक्रांतीनंतर वेल पसरायचे. चैत्रात दुपारी रेतीवर पाय ठेववत नसे, पण पानांखाली हात घातला तर फळाच्या पोटाला रांजणासारखा गारवा. अजूनही उन्हाळ्यात झोपमोड झाली की माझा हात गादीखाली गारवा शोधत जातो.

पहिलं पिकलेलं फळ विकायचं नाही आणि सुरीनंही कापायचं नाही, असा बेटाचा रिवाज होता. ते रेतीवर बुक्कीनं फोडायचं, सगळ्या घरांनी मिळून खायचं आणि बिया एकाच मडक्यात थुंकायच्या. म्हाताऱ्या, लेकरं, भांडण चाललेले भाऊ-भाऊ, सगळ्यांच्या तोंडातलं बी एकाच मडक्यात. त्यामुळे हे बी अमक्याचं असं कोणाला म्हणता यायचं नाही. पुढं मोसमभर त्यात चांगल्या फळांची भर पडायची. बी सावलीत वाळवून गोवऱ्यांच्या राखेत कालवायचं आणि मडक्याचं तोंड बांधून पावसाळाभर उतरंडीत ठेवायचं. दर वर्षी एकेका घराची पाळी.

राखेचं एक होतं. ती पूर्ण निवलेली लागायची. वरून थंड दिसणारी राख आत गरम असते आणि बी आतून शिजतं. वरून मात्र जसंच्या तसं दिसतं. आई म्हणायची, "हाताला इचारू नको, हात खोटं बोलतो. हाताला घट्टे पडल्यात. गालाला इचार." चिमूटभर राख गालाला लावायची. गार लागली तर घालायची, नाहीतर थांबायचं.

आणि पेरायच्या वेळी जिवामामा. हे माझ्या आईचे धाकटे भाऊ, बेटावरच आमच्या शेजारी राहायचे. पेरणीआधी बी भिजवून धडप्यात बांधायचं आणि ती पुरचुंडी मामांनी कमरेला, पोटाशी धरून ठेवायची. अंगाच्या उबेनं त्याला पांढरा दात फुटला की ते रेतीत जायचं. मामांच्या आधी त्यांचे वडील हे करायचे. त्या दिवसांत मामा हळू चालत, गार पाण्यानं अंघोळ करत नसत, कोणावर ओरडत नसत. मामी बायकांना सांगायची, "वाट द्या गं बयांनो, आमच्या मालकाला दिवस गेल्यात." मामा कानाच्या पाळीपर्यंत लाल व्हायचे आणि पोटावरचा हात काढायचे नाहीत.

पैठणला धरण होणार, हे आम्ही इतकी वर्षं ऐकत होतो की ते होत असताना कोणाचा विश्वास बसेना. शेवटच्या उन्हाळ्यात मात्र खुणेचे दगड बेटाच्याही वर, पलीकडच्या टेकाडावर रोवले गेले आणि लोकांना कळलं की पाणी कुठवर येणार आहे. तरी कोणी हलेना. घर मोडायला पहिला हात कोणी लावायचा? शेवटी जिवामामा स्वतःच्या छपरावर चढले आणि त्यांनी बाभळीचं आढं काढून खाली दिलं. "पाऊस आला म्हंजे लाकडंबी जातील आन् लेकरंबी," एवढंच म्हणाले. संध्याकाळपर्यंत दहा-बारा छपरं उतरली. मामी घराच्या मोकळ्या चौकटीत बसून होती. त्या दिवशी तिनं थट्टा केली नाही.

त्या वर्षी मडक्याची पाळी आमची होती. आई आणि आबा नव्या गावठाणात झोपडी उभी करायला गेले होते. बी वाळवून ठेवलेलं होतं. राखेत घालायचं काम माझ्याकडे.

मी तेव्हा अठरा-एकोणीसचा. पलीकडच्या गावात शिकून मॅट्रिक झालो होतो. औरंगाबादला आयटीआयमध्ये नंबर लागेल असं मास्तर म्हणाले होते. आबांना विचारलं, तर ते म्हणाले, "धरणाच्या खालच्या अंगाला रेती बघून ठेवलीय. आधी तिथं वाडी लागू दे. दोन-चार सालं हात लाव. मग बघू तुपल्या शाळेचं." दोन-चार सालं म्हणजे जन्म, हे मला माहीत होतं. माझ्याआधीचे सगळे असेच दोन-चार सालं म्हणत रेतीत राहिले होते. मला रेतीचा राग नव्हता. मला फक्त जायचं होतं.

दुपारची वेळ. अर्धं बेट उघडंबोडकं झालेलं. चुलीतली राख मी सुपात काढली, निवायला ठेवली, आणि थोड्या वेळानं गालाला न लावताच मडक्यात ओतली. बी कालवलं. तोंड बांधलं. घाई होती, मी पोरगा होतो, लक्ष नव्हतं.

पाणी आलं ते पुरासारखं गर्जत आलं नाही. दोन्ही धारा रुंद होत गेल्या आणि बेटाच्या शेंड्यावरच्या बाभळी गुडघाभर, मग कंबरभर पाण्यात उभ्या राहिल्या. आम्ही टेकाडावरून बघत होतो. नव्या गावालाही नाव बाभुळबेटच दिलं. मुरमाड माळ, प्यायच्या पाण्याला लांब जावं लागायचं. आजूबाजूची गावं हसायची, "नाव बेट आन् घशाला कोरड."

दिवाळीनंतर धरणाखालच्या रेतीवर खड्डे खणून झाले. मामांनी पुरचुंडी बांधली. नेहमीच्या दिवशी सोडून बघितली. बी फुगलं होतं, दात फुटला नव्हता. पुन्हा बांधली. मग आणखी दोन दिवस. मला तो वास अजून आठवतो. आंबूस, शिळ्या पिठासारखा. मामा रेतीवर उकिडवे बसले होते आणि बी बोटांनी चाचपत होते. मडक्यातलं उरलेलं बीही भिजवून बघितलं, मामीनं पोटाशी धरून बघितलं, आबांनी बघितलं. कशातच जीव नव्हता.

कोणीतरी म्हणालं, "बेट सुटलं, बी रुसलं." बायकांनी डोळ्यांना पदर लावले. असं काही ऐकायला मिळालं की माणसांना बरं वाटतं; त्यात कोणाचा दोष नसतो. पण मामांनी मान हलवली. "बी कशाला रुसंल. मपल्या अंगाची ऊब सरली. घराला पयला हात मीच लावला ना. बेटानं काढून घेतली." आणि त्यांनी ते धडपं धुऊन, पिळून, घडी करून मामीच्या हातात दिलं. त्यानंतर त्यांनी कशातच बी टाकलं नाही. दुसऱ्याच्या शेतात खुरपायला गेले, विटा वाहिल्या, धरणात मासे धरले. पेरणीच्या दिवशी कोणी बोलावलं तर म्हणायचे, "मी नगं. मपला हात चांगला नाय."

मी तिथंच उभा होतो. तोंड उघडलं असतं तर एका वाक्यात मामा मोकळे झाले असते.

त्या उन्हाळ्यात आबा स्वतःच म्हणाले, "जा तू शहरात. इथं आता काय राह्यलंय." मी आलो. वेल्डिंग शिकलो, नोकरी लागली, उस्मानपुऱ्यात दोन खोल्या झाल्या. आता थोरला शेंद्र्याला कंपनीत जातो. मला जे हवं होतं ते मला मिळालं आणि ते मी भोगलं. यातलं काहीच खोटं नाही.

खोटं आहे ते वर लिहिलेलं एक वाक्य. राख गालाला न लावता ओतली, असं मी लिहिलं. इतकी वर्षं मनातल्या मनातसुद्धा मी ते तसंच सांगत आलो, त्यामुळे हातून तसंच उतरलं. खरं असं की मी राख गालाला लावली होती. चटका बसला. मी सुपाजवळ तसाच उभा राहिलो. होडीतून लाकडं नेणाऱ्या माणसांच्या हाका ऐकू येत होत्या. थांबायला वेळ होता, घाई कसलीच नव्हती. मग मी राख मडक्यात ओतली. घरातला आरसा आधीच नव्या गावाला गेला होता. गाल लाल झाला का हे बघायला मी रांजणात वाकलो, तर रांजणही रिकामा.

हे लिहून थोडा वेळ उठलो, पाणी प्यालो, पुन्हा बसलो.

अन्वरभाईंकडची फोड खाल्ली त्याच आठवड्यात मी आक्काकडे गेलो. भाऊबीज सोडून मी कधी जात नाही, त्यामुळे ती दारातच घाबरली.

"कोण गेलं?"

"कोणी नाही. टरबूज खाल्लं."

ती खाली बसून हसली. "तुला सोसत नाय ना टरबूज?"

बेटाचा आणखी एक रिवाज होता, तो मी पुरुष म्हणून पार विसरलो होतो. बेटाची लेक सासरी निघाली की तिच्या ओटीत तांदूळ-खोबऱ्याबरोबर मूठभर टरबुजाचं बी घालायचे. आक्काचं लग्न बेट सुटायच्या आदल्या वर्षी झालं. तिच्या ओटीत गेलं ते आदल्या वर्षाचं बी, माझ्या राखेच्या आधीचं. दर उन्हाळ्यात ती आडाच्या कडेला चार वेल लावत आली आणि बी धरत आली. मी जायचो दिवाळीत, तेव्हा तिथं वेल नसायचे.

"मला कधी बोलली नाहीस."

"तू कधी इचारलं? सासू म्हनायची, या चार येलांनी काय बाजार भरायचाय का? म्हनलं, बाजार नाय भरायचा, ओटी रिती व्हाया नगं."

"आणि तिकडं बी गेलं तेव्हा? मामांना दिलं नाहीस?"

"घिऊन गेले व्हते की, पदरात बांधून. मामा म्हनले, लेकीच्या ओटीत घातलेलं माघारी घ्याचं आसतं व्हय? घिऊन जा, मपल्या हाताला दिऊ नको, हेबी मरंल." आक्कानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "लई रडले मी त्या दिशी. मामा नाय रडले."

मी तेव्हाही बोललो नाही. जेवलो.

दोनेक वर्षांपूर्वी पावसानं ओढ दिली आणि धरणाचं पाणी इतकं मागं गेलं की बाभुळबेटाची पाठ वर आली. मासे धरणाऱ्या पोरांनी ती पहिल्यांदा पाहिली. पाणी हटलेल्या गाळात पेरतात त्याला गाळपेर म्हणतात. हरभरा, गहू असलं काहीबाही बरेच जण करतात. आक्कानं मुलाला सांगितलं, तिथं दुसरं काही लावायचं नाही. पोरांनी वरचा गाळ बाजूला केला तर हातभर खाली जुनी रेती, तशीच. बी तिनं स्वतःच पोटाशी धरलं. मी विचारलं, तुला जमलं कसं, तर म्हणाली, "चार लेकरं उबवली, बी नाय उबवायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला बेटावर घेऊन गेली. यंदाचं पहिलं फळ अन्वरभाईंकडे जायच्या आधीच फोडून झालं होतं. पण नव्या गावातली, शहरात गवंडीकाम करणारी, कंपन्यांत लागलेली बरीच पोरं त्या रविवारी सुटी काढून आली होती आणि त्यांच्यासाठी पुन्हा एकदा फोडायचं होतं. होडीला आता मोटर आहे. तिच्या आवाजात कोणाला काही बोलायची गरज पडत नाही, हे मला बरं वाटलं.

बेट ओळखू आलं नाही आणि मग एकदम आलं. पाण्यात मेलेल्या बाभळींचे काळे बुंधे अजून उभे आहेत. गाळाला भेगा पडलेल्या, भेगांत शिंपले. आणि त्याच्या खालच्या उताराला, पांढुरक्या रेतीवर, वेल. हिरवे, केसाळ टोकांचे, एकमेकांच्या अंगावरून गेलेले. वारा आला की पानांची खालची फिकी बाजू उलटायची. मी बूट काढून हातात घेतले.

जिवामामांना पोरांनी आणून एका बुंध्याच्या सावलीत बसवलं होतं. ऐंशीच्या घरात असतील. डोळ्यांना कमी दिसतं, कान शाबूत आहेत. मी पाया पडलो.

"कोण, नाम्या का? बूट घालून आला का काढून?"

"काढून, मामा."

"मंग बस." त्यांनी काठीनं समोरच्या दगडाला टोचलं. "वळखलं का हे? तुपल्या आईचं उखळ. तुमचं आंगन इथं व्हतं. चूल तिकडं."

उखळात गाळ भरून वाळला होता. चूल कुठे होती ते मला त्यांनी सांगायची गरज नव्हती.

पोरांनी फळ आणलं आणि एकानं बुक्की मारली. पहिल्या बुक्कीला काही झालं नाही. "कंपनीत नुसता बसून राहतोस का रं?" असं दुसरा म्हणाला, आणि दुसऱ्या बुक्कीला फळ उकललं. रस रेतीत गेला, आणि तो वास आला. मग मडकं फिरलं. जीन्स घातलेली पोरं, त्यांच्या बायका, आक्काच्या नातवंडांची थुंकण्याची शर्यत. बेट न पाहिलेली माणसं बेटाच्या रिवाजानं बिया थुंकत होती आणि त्यात त्यांना काही विशेष वाटत नव्हतं. मडकं माझ्यापर्यंत आलं तेव्हा मीही थुंकलो. मामांनी फोड खाल्ली, बिया हातात धरल्या आणि आक्काच्या हातात दिल्या. मडक्याला हात लावला नाही.

आक्का त्यांच्यासमोर बसली. "मामा, दिवाळीनंतर पुरचुंडी तुमी बांधायची."

"तुपली तू बांध. चांगलं चाललंय."

"पोरं म्हनतात मामांनीच बांधावी. तुमी आसताना मी बांधते, ते बरं दिसतं का? जित्या माणसाला बाजूला बसवल्यागत व्हतंय."

"बाजूलाच बरा हाय मी. पुन्यांदा मपल्या पायी जायला नगं." आणि मग, तिच्याकडे न बघता, "दोनदा नाय सोसायचं, कौसे."

ती उठली. डोळे पुसले नाहीत, पण आवाज बदलला होता. "नाम्या, गेल्या आठवड्याचं बी वाळलंय. राख काढलीय तिथं सुपात. बघ निवली का."

तिनं सहज सांगितलं. तिला काहीच माहीत नाही. मी सुपाजवळ गेलो. राख करडी, वरून मऊ, निवल्यासारखी दिसत होती. मी चिमूट घेतली आणि गालाला लावली. गरम होती. मी खाली बसलो. थोड्या वेळानं पुन्हा लावली. अजून कोमट. पोरं गाळात क्रिकेट खेळायला लागली. नदीवर बगळे उतरले, उठले. मी राख बोटांनी पसरत राहिलो आणि दर थोड्या वेळानं गालाला लावत राहिलो. माझा गाल करडा झाला असणार, कारण आक्काची नात माझ्याकडे बघून हसली आणि तिनं स्वतःच्याही गालाला राख फासून घेतली.

"गार हाय, आजोबा," ती म्हणाली.

मी पुन्हा लावून बघितली. होती.

बी कालवलं. मडक्याचं तोंड बांधून ते आक्काकडे दिलं. बुंध्याखालून मामांचा आवाज आला, "लई येळ लावलास, भाच्या."

"व्हय मामा," मी म्हणालो. शहरात इतकी वर्षं काढूनही तोंडातून व्हयच आलं. तेव्हा सांगता आलं असतं. आक्का होती, पोरं होती, चूल होती ती जागाही होती. मी मडक्याचं धडपं आणखी एकदा आवळलं.

परतताना होडीत चढवायला मी मामांचा हात धरला. हाडं राहिली आहेत, वर कातडी, तळव्याचे घट्टेही मऊ पडले आहेत. पण हात गरम होता. चांगला गरम. पलीकडच्या काठाला लागेपर्यंत मी तो सोडला नाही, आणि मामांनीही काढून घेतला नाही.

मृग लागला, पाऊस झाला, धरणाचं पाणी वाढलं की बाभुळबेट पुन्हा खाली जाईल. पूर्वीही पावसाळ्यात रेती जायचीच. पाणी उतरलं की वर येईल, आणि ज्या वर्षी येणार नाही त्या वर्षी आक्का आडाच्या कडेला चार वेल लावील. तिच्या मुलानं आता नव्या गावातल्या आणखी दोन घरी बी ठेवायला दिलंय. ते सगळं एका मडक्यात ठेवायची चूक ही पोरं करणार नाहीत. बेट राहतं कशात, याचं उत्तर मला त्या रविवारी थोडंसं दिसलं. ते रेतीत नव्हतं हे नक्की.

माझं मात्र राहिलं आहे. हे छापून येईल, चौकातले लोक वाचतील, मुलं वाचतील आणि बाबांना टरबूज का सोसत नव्हतं ते त्यांना कळेल. मामांना वाचता येत नाही. दुसऱ्या कोणी त्यांना हे वाचून दाखवावं, हेही बरोबर नाही. आक्काला मी फोन केला आहे की येत्या रविवारी येतो, मामांना तुझ्या घरी घेऊन ये. कशासाठी ते तिनं विचारलं नाही.

तुमच्या अंगाची ऊब सरली नव्हती, माझी राख गरम होती आणि ती गरम आहे हे मला माहीत होतं, एवढं मला जिवामामांना समोर बसून, माझ्या तोंडानं सांगायचं आहे. ते देणं अजून माझ्याकडे आहे.